दहा वक्ते आणि दहा दुभाषी

शिकागोच्या विमानतळावर काचेपलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट उलटसुलट केला आणि विचारलं, "काय काम करता?"

"निवृत्त," मी म्हणालो. "नगरपालिकेत होतो. कार्यालय अधीक्षक."

"म्हणजे नेमकं काय करायचात?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझं इंग्रजी सरकारी पत्रापुरतं. जे सुचलं ते बोललो, "लोक अर्ज आणायचे. मी घ्यायचो."

"आणि मग?"

आणि मग काय, ते त्याला सांगायला बसलो असतो तर मागची रांग पार मुंबईपर्यंत गेली असती. मी नुसता हसलो. तोही हसला आणि मला आत सोडलं.

बाहेर माझी मुलगी केतकी उभी होती. आमच्या सौ., म्हणजे सुनंदा, विमानात बसत नाहीत. तो त्यांचा ठराव आहे आणि त्यावर चर्चा होत नाही. त्यामुळे लोणचं, मेतकूट, गोडा मसाला आणि मी, एवढाच ऐवज कृष्णाकाठच्या आमच्या गावाहून इथवर आला होता.

केतकी शिकागोच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात राहते. घर छान, हिरवळ छान, शेजारीही छान असावेत, पण ते दिसत नाहीत. सकाळी गाड्या गॅरेजमधून बाहेर पडतात, संध्याकाळी परत आत जातात, आणि मधल्या वेळात रस्त्यावर फक्त खारी हिंडतात. पहिल्या आठवड्यात मी शेजारची सगळी झाडं मोजली. दुसऱ्या आठवड्यात शनिवारी केतकी मला डेव्हन ॲव्हेन्यूवर घेऊन गेली. तिथे कढीपत्ता, साड्या, जिलेबी आणि गाडी लावण्यावरून चाललेली भांडणं पाहून जिवाला जरा बरं वाटलं. परत येताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही टोटली बोअर झालाय. खरं सांगा."

"नाही गं."

"काल तुम्ही डिशवॉशरचं मॅन्युअल वाचत होता. सगळं."

छापलेला कागद दिसला की मी वाचतो, मग तो औषधाचा असो की भिंतीवरच्या नियमांचा. सुनंदा याला रोग म्हणते.

केतकीच्या ऑफिसात रानिया नावाची तिची मैत्रीण आहे. मूळ पॅलेस्टिनी, जन्म इथलाच. दोन गावं पलीकडे अरबांची मोठी वस्ती आहे. तिथल्या बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींचा एक क्लब रानिया ऑफिस सुटल्यावर चालवते. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे त्या गावच्या सभेची हकिकत यायची आहे आणि सभेतल्या गोष्टी नावानिशी बाहेर सांगू नयेत, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. तर केतकीने रानियाला सांगून टाकलं होतं की माझे बाबा म्युनिसिपालिटी चालवायचे. मी म्युनिसिपालिटी चालवली नाही, तिच्या फायली चालवल्या. पण रानियाने मुलांना तसंच सांगितलं, आणि मुलांनी मला बोलावणं पाठवलं.

केतकी म्हणाली, "मी ड्राइव्ह करून सोडते ना."

मी म्हणालो, "मी बसने जातो. उभ्या महाराष्ट्रात मी कधी चुकलो नाही."

इथे चुकलो. दोन थांबे आधीच उतरलो आणि म्हटलं, चालत जाऊ, दोन थांबे म्हणजे किती? सहापदरी रस्ता, कडेला फुटपाथ नाही, गवतातून मी आपला पिशवी सांभाळत चाललेला. पंधराव्या मिनिटाला पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. "सर, तुम्ही ठीक आहात ना?" या देशात धडधाकट माणूस गाडीशिवाय चालताना दिसला की लोकांना त्याची काळजी वाटते. मी पत्ता दाखवला. त्या भल्या माणसाने मला मागच्या सीटवर बसवलं आणि थेट दारापर्यंत पोचवलं. त्यामुळे झालं असं, की मुलं पाहुण्यांची वाट बघत पायरीवर बसलेली आणि पाहुणे पोलिसांच्या गाडीतून उतरले.

"वेलकम, अम्मो," एक सतरा वर्षांची मुलगी पुढे येऊन म्हणाली. अम्मो म्हणजे काका. "तुम्ही काय केलंत?"

"चाललो," मी म्हणालो. सगळी मुलं इतकी हसली, की ओळख करून देण्याचं काम तिथेच संपलं. ही मुलगी हनान. पुढची सगळी गोष्ट तिची आहे.

क्लब म्हणजे गावच्या बागेतलं विटांचं एक बैठं घर. आत एकच मोठी खोली. एका भिंतीशी जुना सोफा, दुसऱ्या भिंतीशी पुस्तकांचं कपाट आणि मधली जमीन मोकळी, कारण तिथे दबके चालतं. दबके म्हणजे हातात हात धरून, ओळीने, जमिनीवर पाय आपटत करायचा नाच. पाय एकत्र पडले की खिडक्यांची तावदानं थरथरतात. एका कोपऱ्यात मोठी मुलं लहानांचा अभ्यास घेत होती. भिंतीवर तक्ता होता, त्यावर थंडीत कुठल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या दारातला बर्फ कुणी उपसायचा, याची वाटणी. अरब, पोलिश, मेक्सिकन, सगळ्यांची घरं त्यात होती. तक्ता इतका व्यवस्थित आखलेला, की तो काढणाऱ्याला मी आमच्या कार्यालयात त्याच दिवशी कामाला लावलं असतं.

दाराशी एक वेताची टोपली होती. आत येणारा प्रत्येक जण आपला फोन तिच्यात ठेवत होता. मीही ठेवला आणि हनानला कारण विचारलं.

"एक तास बातम्या नाहीत," ती म्हणाली. "आमच्या सगळ्यांचं कुणी ना कुणी तिकडे, पॅलेस्टाइनमध्ये आहे. फोन हातात असला की आम्ही बघतच राहतो. मग शाळेचं काही होत नाही, झोपही येत नाही. म्हणून एक तास टोपली. हा नियम मुलांनीच केला."

तिकडच्या बातम्या मीही सकाळी चहाबरोबर बघायचो, आणि मग पान उलटायचो. या मुलांना पान उलटता येत नव्हतं.

हनानने मला विषयपत्रिका दाखवली. गावच्या उद्यान मंडळाची सभा तीन आठवड्यांनी होती आणि सहावा विषय होता, बागेतील इमारत गोदाम म्हणून वापरण्याबाबत. गवत कापायची यंत्रं आणि नाताळची रोषणाई ठेवायला मंडळाला जागा हवी होती. यात कुणाच्या मनात वाकडं नव्हतं. कागदावर ती इमारत 'वापरात नसलेली' होती, कारण तिचा वापर होतो अशी नोंदच कुणी कधी केली नव्हती.

"ही खोली गेली तर बाकीची मुलं दुसरीकडे जमतील," हनान म्हणाली. "मॉलमध्ये, कुणाच्या गाडीत. आम्हा मुलींचं तसं नाही. माझे आजोबा मला इथे पाठवतात, कारण त्यांच्या बेकरीच्या खिडकीतून ही खोली दिसते. ही गेली की शाळेतून सरळ घर. माझ्या मोठ्या बहिणीचं तेच झालं. ती हुशार होती, अम्मो, माझ्यापेक्षा हुशार. पण तिच्या वेळी ही खोली नव्हती."

तिने हे रडून सांगितलं नाही. तक्रार म्हणूनही नाही. अर्जात जशी वस्तुस्थिती मांडावी तशी मांडली. मला ती मुलगी तिथेच आवडली.

पुढचे तीन आठवडे मी आठवड्यातून तीनदा तिथे गेलो, आता केतकीच्या गाडीतून. सभेचे नियम रानियाने मिळवले होते. नागरिकांच्या निवेदनाला अर्धा तास, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे दहा वक्ते. सभा सात वाजता, सहा वाजता दारात कागद ठेवतात, त्यावर नाव लिहायचं. मुलांनी आपसांत दहा वक्ते निवडले, आणि मी त्यांना माझ्या आयुष्याची सगळी कमाई दिली. आधी मागणी सांगा, मग कारण. 'आम्हाला वाटतं' म्हणू नका, 'आम्ही करतो' म्हणा. सभासद कागदात बघत असला तरी तुम्ही त्याच्याकडेच बघा. याझान नावाचा तेरा वर्षांचा मुलगा दर वेळी दुसऱ्या वाक्याला अडायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, "घाई नाही. तीन मिनिटं फार मोठी असतात." हनान हातात घड्याळ घेऊन उभी असायची आणि कुणाची गय करायची नाही.

मधल्या सुट्टीत हनान मला बागेपलीकडे बेकरीत न्यायची. तिच्या आजोबांना सगळं गाव अबू युसुफ म्हणतं. पांढरी मिशी, पिठाने माखलेले हात, आणि ऐसपैस बोलणं. तीस वर्षं ते या गावाला पाव विकतायत. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांना माझी इतकी दया आली, की पहिल्याच दिवशी माझ्यापुढे चार ताटल्या आल्या. ज़ातर (तीळ आणि रानओव्याची पूड) लावलेली गरम रोटी, ऑलिव्ह, दही, आणि मुजद्दरा. मुजद्दरा म्हणजे मसूर-तांदळाची खिचडी आणि वर काळपट होईपर्यंत तळलेला कांदा. मी म्हटलं, ही आमचीच. ते म्हणाले, मग अजून घ्या. दोन म्हाताऱ्यांची मैत्री व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

आणि तिथेच मी घोळ घातला. खाऊन तृप्त झालो, समोर मान डोलावणारा श्रोता मिळाला, आणि माझं ज्ञान मला चढलं. सभेचा सगळा कारभार मी अबू युसुफना इत्थंभूत समजावला. दहाच जागा, सहा वाजता कागद, आधी येईल त्याचं आधी. ते फार गंभीरपणे ऐकत होते. दोनदा तर त्यांनी वेळही विचारून घेतली. मला वाटलं, काय रस आहे या माणसाला.

सभेच्या दिवशी खोलीत शेवटची तालीम झाली. मुलं इस्त्रीचे कपडे घालून आली होती. सव्वासहाला आम्ही सगळे गावच्या सभागृहात पोचलो आणि हनान कागदापाशी गेली. तिथेच ती थांबली.

कागद भरलेला होता. दहाच्या दहा नावं. पहिलं नाव तिच्या आजोबांचं.

आत पहिल्या दोन ओळींत दहा वडीलधारे बसले होते. काळे कोट, चकचकीत बूट, दोघांच्या डोक्याला पांढरा रुमाल. कुणाचे आजोबा, कुणाचे मोठे काका, मशिदीचे एक जुने कारभारी. ते पाच वाजल्यापासूनच येऊन थांबले होते. प्रत्येकाच्या हातात मागच्या टेबलावरच्या कॉफीचा कागदी पेला होता, आणि आम्हाला बघून सगळ्यांनी असं प्रेमाने हात हलवले, की रागावणंही अवघड व्हावं.

रानियाने कपाळाला हात लावला. "जाहा," ती म्हणाली. "यांनी जाहा आणली."

जाहा ही त्यांच्याकडची जुनी रीत. कुणाकडे मुलगी मागायची असेल, तंटा मिटवायचा असेल, मोठं काही मागायचं असेल, तर मागणारा स्वतः तोंड उघडत नाही. त्याच्या वतीने मानाची वडील माणसं जातात आणि आपला शब्द टाकतात. मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडे तरी काय आहे? पोराला नोकरीला लावायचं तर बाप जातो, आणि पोरगं दाराशी चपलांपाशी उभं. या दहा माणसांनी मुलांवर कुरघोडी केली नव्हती. आपली अब्रू त्यांच्यासाठी पणाला लावायला ते आले होते. आणि वेळापत्रक त्यांना मी पुरवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हनानने आजोबांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं. ते अरबीत बोलत होते, रानिया मला हळू आवाजात सांगत होती.

"सीदो (आजोबा), हे आमचं बोलणं होतं."

"तुम्ही का मागायचं? आम्ही मेलो का? मुलांनी हात पसरायचा आणि आम्ही बघत बसायचं?"

"तुम्ही मागितलंत तर ते तुम्हाला देतील. तुमचा मान आहे म्हणून देतील. आम्हाला कुणी विचारणारच नाही की तुम्ही तिथे काय करता."

"खोली मिळाल्याशी मतलब."

"नाही," हनान म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा गोदाम हवं असेल, तेव्हा? दहा वर्षांनी? मला एकदा तरी तुमच्या देखत मागू द्या. तुम्ही मागे बसलेले असताना मागायला मला भीती वाटणार नाही. नंतर एकटीने मागायला वाटेल."

अबू युसुफ आत गेले आणि टेबलामागच्या लेखनिक बाईंना म्हणाले की आमची नावं खोडा आणि या मुलांची घाला. बाईंनी नम्रपणे मान हलवली. सही झालेलं नाव बदलता येत नाही, वेळ दुसऱ्याला देता येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच सांगितलं असतं, बहुधा इतक्या नम्रपणे नाही.

साडेसहा झाले होते. मुलं भिंतीला टेकून उभी होती. याझान बुटाच्या टोकाने फरशी घासत होता. मला कुणाशी नजर मिळवता येईना, म्हणून मी भिंतीवर लावलेले सभेचे नियम वाचायला लागलो. रोग म्हणा, सवय म्हणा. आरडाओरडा करू नये. फलक आणू नयेत. खुर्च्या हलवू नयेत. आणि खाली, अकरावा नियम. ज्या वक्त्यास इंग्रजीत बोलणे सोयीचे नसेल, त्यास आपल्या पसंतीचा दुभाषी सोबत आणता येईल.

मी तो तीनदा वाचला. दुभाष्याचं वय किती असावं, लिहिलेलं नाही. त्याने किती बोलावं, लिहिलेलं नाही. चौतीस वर्षं मी नियमांतल्या फटी बुजवत आलो होतो. उघडी फट बघून इतका आनंद मला पहिल्यांदाच झाला. रानियाला हाताला धरून मी भिंतीपाशी नेलं. तिने वाचलं, हनानला बोलावलं, हनानने आजोबांना बोलावलं. अबू युसुफनी चष्मा वर करून तो नियम वाचला, अर्थात इंग्रजीतच, आणि त्यांची मिशी हलायला लागली.

"माझं इंग्रजी," ते मला म्हणाले, "आजपासून फार वाईट आहे."

सात वाजता सभा सुरू झाली. व्यासपीठावर पाच सभासद, मधोमध अध्यक्षबाई. पहिलं नाव पुकारलं गेलं. अबू युसुफ उठले, कोट नीट केला आणि माईकपाशी जाऊन अरबीत एक वाक्य बोलले. एकच. शेजारी हनान उभी राहिली.

"मी दुभाषी," ती म्हणाली. "आजोबा म्हणतात, सर्वांना नमस्कार, माझी नात तुम्हाला सांगेल."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "गेल्या शनिवारी दुकानात तुम्ही माझ्याशी बेसबॉलवर वीस मिनिटं बोललात. इंग्रजीत."

अबू युसुफ हनानच्या कानाशी लागले. हनान म्हणाली, "ते म्हणतात, बेसबॉलपुरतंच येतं."

सगळं सभागृह हसलं. अध्यक्षबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. "नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या. "दुभाष्याला बोलू द्या."

आणि हनान बोलली. आधी मागणी, मग कारण. आम्हाला वाटतं असं एकदाही नाही, आम्ही करतो असंच. तिने बर्फाचा तक्ता वाचून दाखवला. सभासदांपैकी एकाच्या आईचंच घर त्यात निघालं. तिने आपल्या बहिणीचं सांगितलं, आणि ते सांगताना आजोबांचा हात हातात घेतला. त्यांना ते सगळं कळत होतं, आणि आपल्याला कळत नाही असा चेहरा त्यांना करावा लागत होता. तो त्यांना काही केल्या करता आला नाही.

मग एकेक जण. आजोबा उठायचे, अरबीत चार शब्द बोलायचे, आणि नातू किंवा नात तीन मिनिटं त्याचा अर्थ सांगायची. एक आजोबा तर नुसते 'यल्ला' (चला) म्हणाले, आणि त्याचं भाषांतर दोन मिनिटं पन्नास सेकंद चाललं. मी आयुष्यात शेकडो सभा बघितल्या. इतकी जिवंत सभा पहिल्यांदा बघत होतो.

याझानची पाळी आली. पहिलं वाक्य झालं, दुसऱ्याला तो थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, खाली बघत राहिला. शेजारच्या आजोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण ते बोलले नाहीत. घड्याळ पळत होतं. मग कागदात नसलेलं तो बोलला, "तिथे फोन टोपलीत ठेवतात. मग एक तास मला तिकडचं काही दिसत नाही. त्या तासात मी गणित करतो. या वर्षी मी गणितात पास झालो." आणि तो खाली बसला. त्याचा निम्मा वेळ उरला होता. तो कुणी वापरला नाही.

दहा झाले. सहावा विषय आला. तेव्हा एका सभासदाने पहिल्या ओळीकडे बोट दाखवून विचारलं, "एक विचारू का? तुम्ही मघापासून कॉफी हातात धरून बसलाय. इतकी वाईट आहे?"

हनान जागेवरून उठली. "आमच्यात मागायला गेलं की यजमान कॉफी देतात," ती म्हणाली. "पण मागितलेलं मिळेपर्यंत पाहुणे ती पीत नाहीत. आजोबांना वाटलं, तुम्हाला हे ठाऊक असेल."

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "मतदान घेऊ. यांची कॉफी गार होतेय."

चार विरुद्ध एक. इमारत युवक केंद्र म्हणून कायम राहील, केंद्राचा कारभार मुलांची समिती बघेल, आणि गोदामासाठी दुसरी जागा बघावी. ठराव संमत.

दहा माणसांनी एकाच वेळी दहा कागदी पेले उचलले आणि ती गारढोण कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मुलं एकमेकांच्या गळ्यात पडली होती. माझे डोळे वाहायला लागले, ते मी पुसले नाहीत. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. मुलांनी सभागृहाबाहेरच्या हिरवळीवर दबकेची ओळ धरली, मला मध्ये ओढलं, आणि गुडघ्यांचा विचार न करता मीही पाय आपटले. बेकरीतून कुनाफा (चीज भरलेला, पाकात मुरलेला गोड प्रकार) परातभर आला. अध्यक्षबाईंनीही खाल्ला आणि अबू युसुफ त्यांच्याशी बेसबॉलवर बोलले. अस्खलित.

दहा दिवसांनी मी परत निघालो. विमानतळावर केतकी म्हणाली, "बाबा, यू वेअर हॅपी हिअर. पहिल्यांदाच." मी म्हटलं, हो. खोटं बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

घरी आल्यावर सुनंदाने डोहाळजेवणापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्या बातम्या दिल्या. मी मात्र त्या गावच्या संकेतस्थळावर सभेचं इतिवृत्त येण्याची वाट बघत होतो. ते आलं. मी वाचलं, आणि माझं डोकं फिरलं. नागरिकांचं निवेदन, वक्ते, दहा नावं. अबू युसुफ आणि नऊ वडीलधारे. पुढे कंसात, दुभाष्यामार्फत. दुभाष्याचं नाव एकाचंही नाही. लेखनिक बाईंची चूक म्हणता येणार नाही, रीत तशीच असते. पण कागदावर त्या दिवशी दहा म्हातारे बोलले होते आणि मुलं तिथे नव्हतीच.

मी हनानला संदेश पाठवला. तिचं उत्तर आलं, "जाऊ दे, अम्मो. खोली मिळाली ना?"

एका बोटाने टाइप करायला मला अर्धा तास लागला. मी लिहिलं, "ती खोली 'वापरात नसलेली' का ठरली होती? तुमची नोंद नव्हती म्हणून. जे नोंदीत नाही ते झालंच नाही, असं मी चौतीस वर्षं लोकांना सांगून परत पाठवलंय. मला सगळं माहीत आहे."

दोन दिवस काही आलं नाही. मग एक ओळ आली. पुढच्या सभेत मी नाव लिहिणार आहे.

त्यांचे संध्याकाळचे सात म्हणजे आमचे पहाटेचे साडेपाच. सभा फोनवर थेट दिसते. मी चहा करून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन उभा केला. अध्यक्षबाईंनी पहिलं नाव पुकारलं, हनानचं. या वेळी तिच्या शेजारी कुणी नव्हतं. मागे तिसऱ्या ओळीत अबू युसुफ हात बांधून बसले होते, हातात कॉफीही नाही. हनान म्हणाली, "मागच्या इतिवृत्तात दुरुस्ती हवी आहे. त्या दिवशी कोण बोललं, ते त्यात नाही." एवढंच. अर्ध्या मिनिटाच्या आत.

दुरुस्ती संमत झाली, कुणी विरोध केला नाही. लेखनिक बाईंनी नवीन नावं वाचायला सुरुवात केली. एका नावाला त्या अडखळल्या. हनानने माईकवरून ते नीट उच्चारून दाखवलं, आणि बाईंनी ते पुन्हा, बरोबर म्हटलं. हनान. याझान. एकेक करत दहाही. खुर्चीतली मुलं आपलं नाव आलं की ताठ होत होती. शाळेत हजेरी घेताना कुणी असं ताठ होत नाही.

आमच्या गावची चौतीस वर्षांची इतिवृत्तं माझ्या अक्षरात आहेत. त्यात नगरसेवक आहेत, ठेकेदार आहेत, मी स्वतः आहे. शाळेत जाणाऱ्या एका मुलीचं नाव त्यात आहे का, ते मी आठवत बसलो. मुली मैदान मागायला आल्या होत्या, एकदा. वाचनालयाची वेळ वाढवा म्हणून आल्या होत्या. मी त्यांच्याशी गोड बोललो होतो आणि वडिलांना घेऊन या म्हणालो होतो.

सुनंदा उठून आली तेव्हा फोनवरची सभा पुढच्या विषयावर गेली होती. माझा चहा तसाच होता. तिने माझा चेहरा बघितला आणि घाबरून विचारलं, "अहो, काय झालं?"

"नोंद झाली," मी म्हणालो.